अडीच तासांत निकाल

सातपाटी हे पालघर किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. गायिका पुष्पा पागधरे इथल्याच. १९८६ साली आलेल्या एका चित्रपटासाठी त्यांनी सुषमा श्रेष्ठ यांच्यासोबत एक हिंदी प्रार्थना गायली. शब्द अभिलाष यांचे, संगीत कुलदीप सिंग यांचे. दात्याकडे बळ मागणारी ही प्रार्थना पुढे देशभरातल्या शाळांत पोचली. सकाळच्या परिपाठाला डोळे मिटून ती म्हणणाऱ्या मुलांच्या आता पिढ्या झाल्या. ती ज्या चित्रपटातली आहे त्यात चार बेकार तरुण एका मुलीच्या मरणाचा सूड उगवतात, गुन्हेगारांना गाठून ठार मारतात आणि शेवटी फासावर जातात. चित्रपटाचे नाव ‘अंकुश’.

आपल्याकडे सूडपटांचे असेच होते. त्यातले सोवळे तेवढे उचलून देव्हाऱ्यात ठेवले जाते आणि उरलेले घरातली मोठी माणसे झोपल्यावर बघितले जाते. आवडता चित्रपट विचारला की ‘श्यामची आई’चे नाव निघते, ‘दो बिघा जमीन’चे निघते. रात्री दहानंतर टीव्हीवर दक्षिणेतला डब केलेला मारधाडपट लागला की रिमोट मात्र तिथेच थांबतो. खलनायकाच्या पाचव्या माणसाला नायक खांबावर आपटतो तेव्हा पलंगावर आडवा झालेला माणूस उठून बसतो. या आनंदाची लाज वाटायचे कारण नाही. त्यातला काही भाग मात्र खरोखर लाज वाटावी असा आहे, आणि तो बहुतेकांना वाटतो तिथे नाही.

आधी ‘अंकुश’. दिग्दर्शक एन. चंद्रा म्हणजे चंद्रशेखर नार्वेकर. गुलजार यांच्याकडे संकलनाचे काम करत शिकलेला, मुंबईच्या चाळी आतून ओळखणारा मराठी माणूस. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या पोरांनी बापाला घरी बसलेले पाहिले, स्वतः नाक्यावर उभे राहिले. ‘अंकुश’मधले चौघे याच नाक्यावरचे. नाना पाटेकर तेव्हा रंगभूमीवर माहीत होते, चित्रपटात मोठे नाव नव्हते. सुहास पळशीकर, मदन जैन, अर्जुन चक्रवर्ती यांच्यापैकी कुणाच्या नावावर तिकीट खपेल अशी स्थिती नव्हती. पैसा बेताचाच. भव्य सेट नाही, परदेशातले गाणे नाही, नायिकेचे दहा पोशाख नाहीत. कॅमेरा रस्त्यावर आणि खोल्यांत फिरतो. ही चणचण चित्रपटाच्या पथ्यावर पडली. मोठा नट असता तर त्याला वाचवावे लागले असते. इथे कुणालाच वाचवायचे नव्हते.

स्वस्त सूडपटाचा व्याकरणग्रंथ कुणी लिहिला तर त्यात हा पहिला नियम असेल. पैसा कमी असला की फाटे फुटत नाहीत. अन्याय होतो, पोलीस हात वर करतात, कोर्टात साक्षीदार उलटतो आणि मग हिशेब सुरू होतो. खलनायकाचा अड्डा म्हणजे बंद पडलेला कारखाना नाहीतर गोदाम, कारण ते भाड्याने स्वस्तात मिळते. शेवटच्या मारामारीत पत्र्याची पिंपे गडगडतात, रिकाम्या खोक्यांची थप्पी कोसळते, एखाद्या पिंपाला आग लागते. पालघर जिल्ह्यातल्या बोईसरच्या एमआयडीसीत पाळी करणाऱ्या माणसाला ही पिंपे परकी नाहीत. तो दिवसभर अशाच पिंपांमधून वाट काढत असतो, फक्त ती भरलेली असतात. पडद्यावर त्याच्या ओळखीच्या जागेत, त्याच्यासारखाच शर्ट घातलेला कुणी मालकाच्या माणसाला लोळवतो. कोट्यवधींच्या चित्रपटातला नायक हेलिकॉप्टरमधून उतरतो, त्याच्याशी या प्रेक्षकाचे असे नाते जुळत नाही.

नव्वदच्या दशकात मिथुन चक्रवर्तींनी हे नाते ओळखले. उटीत मुक्काम ठोकून त्यांनी चित्रपटांचा धडाका लावला. निर्मात्यांनी तिथे यायचे, युनिटने मिथुन यांच्याच हॉटेलात उतरायचे आणि आसपासच्या डोंगरांत झटपट चित्रीकरण उरकायचे. शहरातल्या समीक्षकांनी या चित्रपटांकडे ढुंकून पाहिले नाही. लहान गावांतल्या एकपडदा चित्रपटगृहांत मात्र ते चालत राहिले. १९९८ साली कांती शाह यांचा ‘गुंडा’ आला. त्यात मिथुन शंकर नावाचा हमाल आहे, मुकेश ऋषी बुल्ला आहे आणि मराठी रंगभूमीवरचे कसलेले नट मोहन जोशी खलनायकांच्या टोळीत आहेत. सगळी पात्रे यमकात बोलतात. शंकरच्या घरातले एकेक माणूस मारले जाते आणि तो एकेकाचा हिशेब चुकता करत जातो.

हा चित्रपट पुढे इंटरनेटवर गाजला तो हसण्यासाठी. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत तो टोळक्याने बघितला गेला, संवाद पाठ केले गेले, नावांची टिंगल झाली. लोक ज्याला चोरटा आनंद म्हणतात तो बहुधा हाच: चित्रपट वाईट आहे हे आपल्याला कळते, म्हणून आपण त्याच्या वर आहोत. या आनंदात मोठेपणा नाही. ज्या माणसाने ‘गुंडा’ पहिल्या आठवड्यात, मधल्या दर्जाचे तिकीट काढून, शंकरच्या बहिणीसाठी खरोखर हळहळत बघितला, त्याने चित्रपटाला आणि स्वतःलाही अधिक इमानाने वागवले.

सूडकथेला खालच्या दर्जाची मानणाऱ्यांनी मराठी चित्रपटाची जन्मपत्रिका पाहावी. १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. या माणसाने आधी स्वतःचा कॅमेरा स्वतः बनवला होता. विदेशी यंत्र विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून भंगारातली आणि बाजारातली साधने जमवून, दामल्यांसारख्या हुन्नरी साथीदारांच्या मदतीने तो उभा केला. तानीबाई कागलकरांसारख्या गायिकेने आर्थिक पाठबळ दिले. बायकांची कामे पुरुषांनी करण्याच्या त्या काळात पेंटरांनी स्त्री भूमिकांसाठी स्त्रियांनाच उभे केले. आणि विषय कोणता निवडला? विराटाच्या राजवाड्यात दासी म्हणून राहणारी द्रौपदी, तिच्यावर हात टाकणारा राजाचा मेहुणा कीचक, भर दरबारात दाद मागूनही न मिळालेला न्याय आणि मग रात्री भीमाने घेतलेला सूड. कीचकवधाचे दृश्य इतके थेट होते की सेन्सॉरने ते कापायला लावले. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले ते याच चित्रपटासाठी.

टिळकांना ही कथा आवडली यात नवल नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ‘केसरी’तले त्यांचे सहकारी, आणि खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले होते. नाटकात लॉर्ड कर्झनचे नाव एकदाही येत नाही. तरीही कीचक कोण, सैरंध्री कोण, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज कोण आणि दात खाणारा भीम कोण, हे पिटातल्या प्रत्येकाला कळत होते. सरकारलाही कळले. १९१० साली नाटकावर बंदी आली. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने भारतातल्या असंतोषावर पुस्तक लिहिले तेव्हा या नाटकाची दखल घेतल्याशिवाय त्याला पुढे जाता आले नाही. एका सूडकथेने साम्राज्याला घाम फोडला होता.

महाभारतातले मूळ वर्णन तर आजचा सेन्सॉर जसेच्या तसे पडद्यावर येऊ देणार नाही. भीम कीचकाचे हात, पाय, डोके त्याच्याच धडात कोंबतो आणि मांसाचा गोळा करून टाकतो. मिथुनच्या एकाही चित्रपटात याच्या निम्मे नाही. कीर्तनकार हे आख्यान रंगवतो तेव्हा मंडपातली आजीबाई कानावर हात ठेवत नाही. तिला समाधान वाटते, आणि ते समाधान पवित्र मानले जाते. तीच कथा दोन लाकडी खुर्च्या, एक फुटका आरसा आणि भाड्याची जीप घेऊन कुणी नव्वद मिनिटांत सांगितली की ती हलकी ठरते. परदेशातही हाच पंक्तिप्रपंच आहे. इंगमार बर्गमनचा १९६० सालचा ‘द व्हर्जिन स्प्रिंग’ मुलीच्या मारेकऱ्यांचा सूड घेणाऱ्या बापाची गोष्ट सांगतो. त्याला ऑस्कर मिळाले. वेस क्रेव्हनने १९७२ साली तीच गोष्ट फुटकळ पैशांत, ओबडधोबड कॅमेऱ्याने ‘द लास्ट हाऊस ऑन द लेफ्ट’ म्हणून केली; ब्रिटनमध्ये तो वर्षानुवर्षे बंदीत राहिला.

आता लाजेची जागा. या चित्रपटांतला सूड लाजिरवाणा नाही. त्या सूडाचे कारण ज्या पद्धतीने दाखवतात, ती पुष्कळदा लाजिरवाणी असते.

ऐंशीच्या दशकात हिंदीत बलात्कार आणि सूड यांची जी लाट आली, तिच्यामागे महाराष्ट्रातला एक खटला होता. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा या नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. या मधल्या काळात, १९८० साली, ‘इन्साफ का तराजू’ आला. त्यात कोर्टात हरलेली बाई शेवटी बंदूक उचलते. कायद्यावरचा राग खरा होता. पण त्याच चित्रपटात अत्याचाराचे दृश्य ज्या सावकाशीने, ज्या कोनातून चित्रित केले आहे, ते बाईच्या बाजूचे नाही. प्रेक्षकाला आधी त्या दृश्याची चटक लावायची आणि मग त्याचाच राग यायला सांगायचे, हा दुटप्पीपणा स्वस्त सूडपटांनी पुढे पोटभर केला. पोस्टरवर फाटलेला पदर मोठा आणि हातातला कोयता लहान असायचा. अशा चित्रपटाचा आनंद घेताना जीभ चावावी वाटली तर ते योग्यच आहे.

एन. चंद्रांनी यातून वाट काढायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. ‘अंकुश’मध्ये मुलगी जीव देते आणि सूड पुरुष घेतात, ती कथेतून पुसली जाते. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्यांनी टी. कृष्णा यांच्या ‘प्रतिघटना’ या तेलुगू चित्रपटावरून ‘प्रतिघात’ केला. सुजाता मेहता त्यात कॉलेजात शिकवणारी लक्ष्मी आहे. काली नावाचा गुंड भर रस्त्यात तिची विटंबना करतो, गाव बघत राहते आणि खुद्द नवराही कच खातो. शेवटी त्याच कालीच्या सत्काराच्या सभेत ती व्यासपीठावर चढते आणि हातातल्या परशूने त्याच्यावर घाव घालते. इथे भीमाला बोलावणे धाडलेले नाही. सैरंध्रीनेच हत्यार उचलले आहे, अंधारात नव्हे, माईकसमोर, हारतुऱ्यांच्या मधोमध. चित्रपटगृहात या क्षणाला बायकांनी टाळ्या वाजवल्या असतील तर त्या टाळ्यांना स्वस्त म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

टाळ्या वाजतात त्या रक्तासाठी नाहीत. निकाल लागला म्हणून वाजतात. आपल्या रोजच्या जगण्यात निकाल ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. सातबाऱ्यावरचे नाव लावायला बाप जातो, मग मुलगा जातो, तलाठी बदलतात. तारखेला गेलेला माणूस पुढची तारीख घेऊन येतो. सूडपट मात्र सगळ्या तारखा एका बैठकीत संपवतो, दिवे लागायच्या आत.

आणि त्याहून मोठी एक चैन तो देतो, खात्रीची. प्रेक्षक हा सूडपटातला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असतो. गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत झालेला असतो. बुल्लाने काय केले याविषयी शंकेला जागाच नसते. म्हणून नायकाचा हात उठतो तेव्हा मन निःशंक असते. ही खात्री फक्त पडद्यावर मिळते, आणि तिथून उठून बाहेर येताना ती खुर्चीतच सोडावी लागते. हे न कळल्याची किंमत याच पालघर जिल्ह्याने मोजली आहे. १६ एप्रिल २०२०, टाळेबंदीतली रात्र, गडचिंचले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा आठवडाभर पसरलेली. सुरतेकडे अंत्यसंस्काराला निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हाती सापडले. पोलीस समोर होते. तिघेही मारले गेले. जमावातल्या एकानेही काही पाहिलेले नव्हते. प्रत्येकाला फक्त खात्री होती.

नागपूरचे प्रकरण इतके सरळ नाही, म्हणून ते अधिक छळते. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगर वस्तीतल्या बायका जिल्हा न्यायालयात घुसल्या आणि अक्कू यादव या गुंडाला त्यांनी तिथेच संपवले. हातात भाजी चिरायच्या सुऱ्या आणि तिखटाची पूड. वर्षानुवर्षे बलात्कार, खंडणी, खून सोसल्याचे आणि पोलिसांनी तक्रारी झटकल्याचे वस्तीचे म्हणणे होते. या बायका अफवेवर आल्या नव्हत्या; जे झाले ते त्यांच्याच अंगावर झाले होते. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. २०२१ साली यावर ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट आला, अमोल पालेकर आणि रिंकू राजगुरू यांचा. तो ओटीटीवर बघताना अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी जाणवते की हे प्रत्यक्षात घडू देणारी व्यवस्था किती आधी मेलेली असणार. त्या बायकांना दोष देणे सोपे नाही. त्यांच्यावर ही वेळ आणणाऱ्या पोलीस ठाण्याला दोष देणे अगदी सोपे आहे, आणि ते आधी केले पाहिजे.

चांगले सूडपट या प्रश्नाला बगल देत नाहीत. ब्रायन गारफिल्ड या अमेरिकी लेखकाने १९७२ साली ‘डेथ विश’ ही कादंबरी लिहिली ती कायदा हातात घेणाऱ्याची अधोगती दाखवायला. १९७४ च्या चित्रपटात चार्ल्स ब्रॉन्सनचा नायक लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. गारफिल्डला ते मुळीच पटले नाही आणि त्याने पुढची कादंबरी उत्तरादाखल लिहिली. गंमत म्हणून चित्रपट पाहणाऱ्यांच्या एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही: नायकाच्या घरावर हल्ला करणारे तिघे त्याला अखेरपर्यंत सापडतच नाहीत. तो मारतो ते दुसरेच. २०१३ चा ‘ब्लू रुइन’ लोकवर्गणीचा हातभार घेऊन केलेला, अगदी गरीब चित्रपट. त्यातला नायक सूड घ्यायला निघतो आणि त्याला काहीच धड जमत नाही. प्रत्येक घाव नवे वैर उभे करतो. श्रीराम राघवनच्या ‘बदलापूर’मध्ये (२०१५) सूड पुरा करणारा माणूसच शेवटी कथेतला सगळ्यात रिकामा माणूस ठरतो. आणि ‘अंकुश’मधले चौघे फासावर जातात. स्वस्त चित्रपटाने दाखवलेला हा प्रामाणिकपणा पुढच्या श्रीमंत सूडपटांनी टाकून दिला. आता नायक शेकडोंना मारतो, सिगारेट पेटवतो आणि दुसऱ्या भागाची घोषणा होते. चिंता करायची तर या चित्रपटांची करावी.

आता पडद्यावरून पुन्हा पालघरच्या किनाऱ्यावर, नवापूर या गावात. बोईसरच्या पश्चिमेला, समुद्राच्या काठावर. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक सांडपाणी वाहिनीतून इथल्याच समुद्रात सोडले जाते. नवापूर, दांडी, उच्छेळी, आलेवाडी, नांदगाव, मुरबे या पट्ट्यातल्या मच्छीमारांचे गाऱ्हाणे जुने आहे: किनाऱ्यालगत मासळी उरली नाही, होडी लांब न्यावी लागते, डिझेलचा खर्च निघत नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादात गेली. समित्या नेमल्या गेल्या, पाण्याचे नमुने घेतले गेले, अहवाल आले. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरहून अधिक कारखान्यांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जबाबदार धरून दीडशे कोटींहून अधिक रकमेची पर्यावरण भरपाई ठरवली. एका समाजाने सहा वर्षे कागदांनी लढून मिळवलेला हा विजय कुठल्याही पडद्यावरच्या विजयापेक्षा मोठा आहे, आणि तो कुणी शिट्ट्या वाजवून साजरा केला नाही.

यावर सूडपट निघू शकेल का? नेहमीच्या साच्यात नाही. सूडपटाला एक चेहरा लागतो: बुल्ला लागतो, काली लागतो, कीचक लागतो. नवापूरला चेहरा नाही. शंभर कारखाने आहेत, त्यांचे मालक दूर आहेत, त्या कारखान्यांत पाळी करणारे कामगार शेजारच्याच गावांतले आहेत आणि वाहिनी जमिनीखालून जाते. भीमाने गदा घेऊन यावे तर मारावे कुणाला? पण मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावात नासिर शेखने घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ उभा केला होता, आणि आज मोबाईल त्याहून चांगले चित्रण करतो. बोईसरमधल्या एखाद्या पोराने हात घालावा असा हा विषय आहे. त्याच्याकडे गोदाम आहे, पिंपे आहेत, भरती-ओहोटी फुकट आहे. नायिका म्हणून मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसणारी बाई घ्यावी, आणि तिच्या हातात परशूऐवजी बाटलीत भरलेला पाण्याचा नमुना द्यावा. प्रयोगशाळेचा अहवाल उलटवू पाहणारे किती जण आडवे येतात ते दाखवायला अडीच तास कमीच पडतील.